पत्त्याचा रकाना

दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता टोरांटोहून फोन येतो. तिकडे शनिवारची रात्र असते. निहार आणि इरा, माझी दोन्ही नातवंडं, एकाच स्क्रीनमध्ये डोकी घालून बसतात आणि मी इकडे सुरतेत अडाजणच्या घरात चष्मा पुसून तयार असते. निहार पंधरा वर्षांचा आहे आणि बर्फावरच्या हॉकीचा वेडा आहे. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी त्याच्या मागच्या भिंतीवरचं लाडक्या खेळाडूचं पोस्टर गायब होतं. तिथे चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते.

"काढलं का रे?"

"आईने काढायला लावलं. आजी, त्याच्या बायकोने तक्रार केलीय की तो मारतो. कोर्टाने अजून काहीच म्हटलेलं नाही. तरी लीगने त्याला बसवून ठेवलंय. हे फेअर आहे का?"

"फेअर आहे," इरा म्हणाली. ती बारा वर्षांची आहे.

"तुला कोण विचारतंय? मी आजीला विचारतोय. बाबा म्हणतो, आजीने हेच काम केलंय."

मी त्याला म्हटलं, याचं उत्तर फोनवर मावणार नाही, लिहून पाठवते. इकडे आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं मागे लागले आहेत की तुमच्या नोकरीतल्या आठवणी लिहा. त्यांना आठवणी हव्यात, निहारला उत्तर हवंय. दोन्ही कामं एकाच कागदात उरकते. निहार, काही शब्द अडले तर बाबाला वाचून दाखवायला सांग.

मी एकतीस वर्षं इच्छापोरच्या एका धाग्याच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. आमच्या काळी इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला असं काम आपोआप मिळायचं, कारण कायद्याची पुस्तकं इंग्रजीत असायची आणि साहेबांना ती वाचायचा कंटाळा असायचा. माझं मुख्य काम चौकशीचं. कामगाराने काही केलं की त्याला नुसतं हाकलून देता येत नाही. आधी त्याला लेखी कळवायचं की तुझ्यावर आरोप काय आहे आणि साक्षीदार कोण आहेत. मग त्याचा खुलासा घ्यायचा. मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून साक्षी लिहून घ्यायच्या, सह्या घ्यायच्या, आणि मगच निकाल. याला इंग्रजीत 'डोमेस्टिक एन्क्वायरी' म्हणतात. शब्दशः घरगुती चौकशी. पण घराशी तिचा काडीचा संबंध नसतो.

एक कामगार धाग्याच्या खोक्यांवर झोपलेला सापडला, म्हणून त्याची चौकशी होती. बचावाला त्याने स्वतःच्या आईला आणलं. ती धुळ्याकडची म्हातारी ठामपणे म्हणाली, "याला लहानपणापासून झोप कमीच." आमच्या खोलीत एसी होता. पाचव्या प्रश्नाला बाईंची मान कलली. मी कागदावर लिहिलं, 'साक्षीदार झोपी गेल्या, कामकाज वीस मिनिटं थांबवलं.' त्याला मी ताकीद देऊन सोडलं. घराण्याचीच गोष्ट होती, त्याचा काय दोष?

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता फाइल बंद. पण आमच्या कारखान्याशेजारी साडीछपाईचं युनिट असलेले मनसुखभाई एक दिवस घरी आले. सुरतेत त्यांनी आणि आणखी काही साडीवाल्यांनी मिळून कबड्डीची लीग काढली होती. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं लूमवर राबतात. त्यांच्या पोरांत कबड्डी मुरलेली. साडीवाल्यांनी त्यांतली चांगली पोरं उचलली, पगारावर ठेवली, अंगात रंगीत जर्सी घातली आणि थंडीचे दोन महिने सामने सुरू झाले. पोरं चांगली खेळत, पण भांडत, पंचाच्या अंगावर जात, एका संघाशी करार करून दुसऱ्याकडे सरावाला जात. म्हणून शिस्तपालन समिती हवी होती.

"बेन, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा," मनसुखभाई म्हणाले. "तुम्हाला बघूनच पोरं सुधरशे."

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणून मनसुखभाई, मी, आणि आबा. आबा म्हणजे अमळनेरकडचे जुने खेळाडू, उधन्यात आयुष्यभर लूम चालवून मोकळे झालेले. निम्मे खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते.

नियमावली मी लिहिली. म्हणजे कारखान्याची नियमावली समोर ठेवली, 'कामगार' होतं तिथे 'खेळाडू' केलं आणि 'खातं' होतं तिथे 'संघ'. चौदा पानं झाली. सगळे नमुने छापून घेतले: तक्रारीचा नमुना, नोटिशीचा नमुना, साक्षीदारांची यादी. मला त्या चौदा पानांचा फार अभिमान होता.

पहिलं वर्ष गमतीत गेलं. अंगाला तेल लावून उतरणं हा कबड्डीतला जुना गुन्हा, कारण तेलकट पाय पकडीत राहत नाही. एका संघावर तशी तक्रार आली. मी पुरावा काय घ्यावा याचा विचार करत होते, तोवर आबा उठले, सात खेळाडूंना ओळीने उभं केलं आणि वाकून एकेकाची पोटरी हुंगत गेले. तिसऱ्यापाशी थांबले. "खोबरेल. काल रातचं नाही, आजचं." पोरगा म्हणाला, "आबा, आईने मालिश केलं." आबा म्हणाले, "आईला सांग, डोक्याला लाव म्हणावं. पाय मी लांबून ओळखतो."

दुसऱ्या वर्षी भूषणचं प्रकरण आलं.

भूषण लीगचा सगळ्यात मोठा चढाईपटू होता. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात एकटं शिरून, शिवून, श्वास सुटायच्या आत परत यायचं, याला चढाई म्हणतात. तो आत शिरला की लोक उभे राहायचे. साड्यांच्या दुकानांवर त्याचे फलक लागले होते. आबांचा तो लाडका शिष्य आणि मनसुखभाईंच्याच संघाचा कप्तान.

उपांत्य सामना रविवारी होता. त्याच्या आधीच्या सोमवारी दुपारी रिंगरोडवरच्या आमच्या ऑफिसात, म्हणजे साड्यांच्या गोदामावरच्या खोलीत, एक पंचविशीची बाई जिना चढून आली. डावा हात मनगटापासून प्लॅस्टरमध्ये. मागे तिचा भाऊ सोपान, कतारगामला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणारा, घाबरलेला. तिने भूषणचं लीगचं ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. ती त्याची बायको, कविता.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. मी तपशील इथे लिहीत नाही. इराही वाचणार आहे. एवढंच, की ते पहिल्यांदा नव्हतं आणि दवाखान्यात तिने 'पडले' असं सांगितलं होतं. मी विचारलं, पोलिसात का जात नाही?

"पोलीस त्याच्यासोबत फोटो काढतात, मॅडम." मग ती म्हणाली, "तो घरात कोनाचं ऐकत नाही. बापाचं नाही, मायचं नाही. पण मैदानात शिट्टी वाजली का जागच्या जागी थांबतो. मी पाह्यलंय. म्हणून तुमच्याकडे आले. शिट्टी तुमच्याकडे आहे."

करारात एक कलम होतं, खेळाडूचं मैदानावरचं आणि मैदानाबाहेरचं वर्तन नीट असावं. मी ते दारू आणि जुगाराच्या हिशोबाने घातलं होतं. पण कलम ते कलम. मी तक्रारीचा नमुना काढला आणि भरायला घेतला. नाव, वय, शिक्षण, नातं. मग पत्ता.

"आत्ता कुठे राहता?"

कविताने भावाकडे पाहिलं. सोपान म्हणाला, "माझ्याकडे आहे, कोसाडला. पण त्याला ठाऊक नाही. मी महिन्यापूर्वीच खोली बदलली."

"लिहायलाच पाहिजे का?" कविताने विचारलं.

"रकाना मोकळा ठेवता येत नाही," मी म्हटलं.

सोपानने सांगितलं, मी लिहून घेतलं. इमारतीचा क्रमांक, मजला, खोली. माझं अक्षर चांगलं आहे.

आता निहार, तुझा प्रश्न. त्या दिवशी माझं मत अगदी तुझ्यासारखं होतं. सिद्ध झालेलं नाही, तोवर खेळाडूला हात लावायचा नाही. त्याला रीतसर नोटीस द्यायची, तक्रारीची प्रत आणि साक्षीदारांची यादी जोडायची, म्हणजे त्याला स्वतःचा बचाव करता येईल. मंगळवारी नोटीस गेली. नमुन्याप्रमाणे यादीत साक्षीदारांची नावं आणि पूर्ण पत्ते, खाली समितीचा गोल शिक्का आणि माझी सही. सुनावणी शुक्रवारी तीन वाजता. बुधवारी भूषण सामना खेळला आणि जिंकला. मी घरी टीव्हीवर तो पाहिला. माझ्या मनाला काही टोचलं नाही. सगळं नियमाने चाललं होतं.

शुक्रवारी पावणेतीनलाच भूषण आला. हातात घारीचा, म्हणजे सुरती मिठाईचा, बॉक्स. पाठोपाठ मनसुखभाई, तेही खुशीत. भूषण वाकून माझ्या पाया पडला.

"मॅडम, तुमचे उपकार. तुम्ही पत्ता पाठवला म्हणून काम झालं."

"कसलं काम?"

"कविता घरी आली ना! मी आठ दिवस शोधत होतो. सोपान फोन उचलत नव्हता. तुमचा कागद आला, काकांनी वाचला. म्हणाले, समितीच्या मंडळींनी पत्ता दिला म्हणजे जा आणि घेऊन ये, असंच सांगितलंय. मग काका, मी आणि संघातले तिघं गेलो. सोपान दारात आडवा होत होता. त्याला शिक्का दाखवला, तर बाजूला झाला. सगळी बिल्डिंग खाली आली होती मॅडम, फोटो काढायला."

मी आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे तशीच रीत आहे, मॅडम. बाई माहेरी जाऊन बसली का पंच बसतात. पंच जास्त बोलत नाहीत. नवऱ्याला एवढंच सांगतात, अमक्याच्या घरी आहे. मग त्याने चार माणसं घेऊन जायचं, आणि तिने यायचं. नाही आली तर मग तिचा दोष."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं सुचलं? तुमचा कागद छापील होता. आमचे पंच कुठं छापतात?"

माझ्या हाताखाली शेकडो नोटिसा गेल्या होत्या. कारखान्यात साक्षीदाराचा पत्ता म्हणजे काही नव्हतंच. सगळे एकाच वसाहतीत राहायचे. त्या रकान्याने कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. म्हणून तो मी जसाच्या तसा उचलला होता. ती लपून बसली होती, आणि मी तिचा जिना, मजला, खोली सुवाच्य अक्षरात लिहून, शिक्का मारून त्याच्या हातात दिली होती.

मनसुखभाईंनी एक स्टॅम्पपेपर पुढे सरकवला. "पती गयुं, बेन, मिटलं सगळं. घरनी वात घरमां. आ जुओ, समाधानपत्र."

टाइप केलेला मजकूर होता. माझी काही तक्रार नाही, हात बाथरूममध्ये घसरून मोडला, मी राजीखुशीने लिहून देत आहे. खाली कविताची सही. असे कागद मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते आणि असा कागद आला की फाइल बंद होते, हेही मला माहीत होतं. तरी सवयीने वरपासून पुन्हा वाचला. अर्जदाराचं नाव, हाताने लिहिलेलं. वय, हाताने लिहिलेलं. पुढे 'राहणार' आणि त्यापुढे नुसत्या ठिपक्यांची ओळ. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"हा अर्ज अपुरा आहे," मी म्हटलं.

"शुं बाकी छे?"

"पत्ता."

मनसुखभाई हसले. खिशातून पेन काढलं. "एक लाइन? लावो, हूं लखी दउं."

"तुम्ही अर्जदार नाही, मनसुखभाई."

"मग मी लिहितो," भूषण म्हणाला. "माझं घर तेच तिचं घर."

"तुम्हीही अर्जदार नाही. अर्जदाराने इथे येऊन, माझ्यासमोर, एकटीने भरायचं. तोवर समाधानपत्र दाखल होत नाही. तक्रार उभी आहे. आणि तक्रार उभी असेपर्यंत भूषण मॅटवर उतरणार नाही."

"बेन, रविवारे सेमीफायनल छे," मनसुखभाई म्हणाले. आता ते हसत नव्हते. "हे नियममां छे?"

"नाही. आज लिहिते."

"मी काय केलं ते सिद्ध तरी करा आधी!" भूषण उसळला. "मॅटवर मी कुणाला मुद्दाम लागू दिलं का कधी? आबा, तुम्ही सांगा."

तो खोटं बोलत नव्हता. मॅटवर त्याच्याइतका स्वच्छ खेळाडू नव्हता. मी कोरा कागद घेतला आणि नियमावलीचं पंधरावं पान हाताने लिहिलं. खेळाडूच्या घरातल्या माणसाने मारहाणीची तक्रार केली तर निकाल लागेपर्यंत खेळाडूला खेळापासून दूर ठेवावं. ही शिक्षा नाही, त्याचा पगार चालू राहील. मी सही केली. तिघांतल्या दोघांची सही लागत होती. मनसुखभाईंनी हात मागे घेतले. कागद आबांसमोर गेला.

भूषणला त्यांनी दहाव्या वर्षापासून शिकवलं होतं. त्यांनी कागदावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"हात कसा मोडला तिचा?"

"सांगितलं ना आबा. बाथरूममध्ये घसरली."

"अन् गेल्या पोळ्याला कपाळ फुटलं व्हतं, ते?"

"तेव्हा पण... पायरीवरून घसरली."

"पायरीवरून," आबा म्हणाले. "तू घराला तेल लावून ठेवतोस का रे?"

भूषणने मान खाली घातली. आबांनी सही केली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

शनिवारी अकराला कविताला आणलं. सासू आणि दोन दीर सोबत. मी दारातच सांगितलं, आत फक्त अर्जदार. सासूबाई म्हणाल्या, "ती मला न विचारता काही लिहीत नाही." मी म्हटलं, "पत्ता तर तिला पाठ असेल." दार लावून घेतलं. आबा बाहेर खुर्ची टाकून बसले.

मी आधी माफी मागितली. एकतीस वर्षांत मी चौकशीच्या टेबलावर कुणाची माफी मागितलेली नव्हती. नीट जमलीही नाही. "चूक माझी होती," एवढंच म्हणाले.

ती प्लॅस्टरवरचा धागा ओढत होती. "काकांनी शिक्का दाखवला तेव्हा मला वाटलं, तुम्हीच त्याला पाठवलं. मग त्यांच्या हातातून कागद घेऊन मी वाचला. सगळे रकाने भरलेले. माझं वय, माझं शिक्षण, सगळं. तेव्हा कळलं. तुम्ही पाठवलं नव्हतं. तुम्ही फक्त भरलं होतं."

मी स्टॅम्पपेपर तिच्यासमोर ठेवला आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. "हे राहिलं होतं."

"राहिलं नाही. मी ठेवलं."

"म्हणजे?"

"त्यांनी टाइप करून आणलं आणि म्हणाले सही कर. सासू बाजूला बसली होती. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग म्हटलं, मॅडम म्हणाल्या होत्या, मोकळा चालत नाही. मोकळा दिसला का बोलावतील." ती पहिल्यांदा जरा हसली. "तुम्ही तशाच आहात, असं वाटलं."

निहार, इरा, माझ्या काटेकोरपणाची तुमचा बाबा आणि आत्या लहानपणापासून थट्टा करत आले आहेत. मसाल्याच्या डब्यांवर मी तारखा लिहिते म्हणून. त्या मुलीने त्या काटेकोरपणाच्या भरवशावर जीव पणाला लावला होता. आदल्या दिवशी मी कंटाळून तो कागद फाइलला लावला असता तर?

"मग आता तिथे काय लिहिणार?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. सोपानकडे तर आता सगळं गाव येईल."

माझी एक जुनी मैत्रीण शहरात बायकांचं वसतिगृह चालवते. मी तिला आदल्या संध्याकाळीच फोन करून ठेवला होता, जागा असेल तर एक खाट ठेव म्हणून. ते कविताला सांगितलं. "जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी या वेळी काही भरणार नाही." ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "जाते."

आमच्या खोलीला मागचं दार होतं. तिथून एक अरुंद जिना खाली गोदामात उतरतो. आबांची बायको, जिला सगळे माई म्हणतात, खाली रिक्षा थांबवून बसली होती. तिला कुणी सांगितलं, हे मी आबांना आजवर विचारलेलं नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांमधून कविता गेली. जाताना तिने तो स्टॅम्पपेपर माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच्या उजव्या हाताने, दातांनी धरून, फाडला. मी अर्ध्या तासाने पुढचं दार उघडलं तेव्हा सासूबाईंना एवढंच सांगितलं की अर्जदाराने अर्ज मागे घेतला.

बाहेर जो गोंधळ झाला तो होणारच होता. दीर जिन्यावरून ओरडत होते. आबा खुर्चीवरून उठले नाहीत. "अरे, मी म्हातारा आहे," ते म्हणाले, "पण दाराची पकड अजून सुटत नाही माझी. या, चढाई करून बघा."

रविवारी भूषणशिवाय त्याचा संघ दोन गुणांनी हरला. मैदानात माझ्या नावाने काय काय घोषणा झाल्या, ते माझ्या शेजाऱ्यांनी मला मोठ्या चवीने सांगितलं. पुढे कविताने स्वतःच्या हिमतीने पोलिसात तक्रार दिली, माई सोबत गेली होती. आमच्या चौकशीत भूषणने दोन सुनावण्यांनंतर मान्य केलं आणि दोन हंगाम तो बाहेर राहिला. मनसुखभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला काढलं नाही. 'सन्माननीय सल्लागार' केलं. म्हणजे पहिल्या रांगेत खुर्ची, हातात नारळ आणि फाइल दुसऱ्याकडे. पण माझं पंधरावं पान त्यांनी राहू दिलं आणि नोटिशीच्या नमुन्यात मी केलेली दुरुस्तीही. साक्षीदाराच्या नावापुढे आता छापलेलंच असतं: 'समितीमार्फत'.

तर निहार, तुझं उत्तर. त्याला शिक्षा करायची तर पुरावा हवाच. तिथे घाई करू नये, आणि तुझ्या त्या खेळाडूच्या बाबतीत खरं काय ते मला ठाऊक नाही. पण शिक्षा करणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. तक्रार करणाऱ्या माणसाला चौकशी संपेपर्यंत जगायचं असतं. मी पहिल्या दिवशी फक्त भूषणला न्याय कसा मिळेल हे पाहिलं. ते चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. पोस्टर परत लावायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

दोन हंगामांनंतर भूषण परत आला, त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते. तो जाड झाला होता, तरी चढाई तशीच देखणी. लोक उभे राहिले. मी बसून राहिले. आबाही बसून होते. मध्येच पंचाने शिट्टी वाजवली आणि तो एक पाय हवेत असताना, जागच्या जागी, थांबला. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तेल मला लांबून कळायचं, मॅडम. याच्या घरातलं मात्र इतकी वर्षं कळलं नाही."

कविता वसतिगृहात वर्षभर होती. हात बरा झाल्यावर ती साड्यांना खडे लावायचं काम करायची. मग दुसऱ्या कुठल्या गावी गेली. कुठे ते मैत्रिणीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवाळीच्या सुमारास मला टपालाने एक पाकीट येतं. आत छापील शुभेच्छापत्र असतं, खाली तिची सही. माझं नाव आणि अडाजणचा पत्ता पिनकोडसकट बिनचूक असतो. पाठवणाऱ्याच्या जागी काही नसतं. पोस्टाचा शिक्का भिंगाखाली धरला तर गावाचं नाव कदाचित वाचता येईल. पहिल्या वर्षी मी भिंग काढलंही होतं. मग परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

माझ्या पत्त्यांच्या वहीत तुमची टोरांटोची तिन्ही घरं आहेत, जुनी दोन एका रेघेने खोडलेली. 'क' च्या पानावर कविताचं नाव आहे. त्यापुढची ओळ मी मोकळी ठेवली आहे.